विमान धडधाकट होतं, तरी पडलं: स्टॉल, ऑटोपायलट आणि 'वैमानिकाची चूक'

आकाशवेडा

१ जून २००९. रिओ दी जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं एअरबस विमान मध्यरात्री अटलांटिकमध्ये पडलं. २२८ माणसं गेली. ब्लॅक बॉक्स सापडायला जवळपास दोन वर्षं लागली, समुद्राच्या तळाशी सुमारे ३,९०० मीटर खोल होते. जुलै २०१२ मध्ये बीईए या फ्रेंच तपास संस्थेचा अंतिम अहवाल आला. तो मी आजवर तीनदा वाचलाय आणि दर वेळी एकाच जागी अडकतो. म्हणून हा धागा काढतोय.

घडलं ते असं. विमान ३५ हजार फुटांवर होतं. कॅप्टन विश्रांतीला गेले होते, पुढे दोन सहवैमानिक. वादळी ढगांच्या पट्ट्यात बर्फाचे बारीक स्फटिक पिटो ट्यूबमध्ये साचले. पिटो ट्यूब म्हणजे विमानाच्या नाकाजवळची बोटभर नळी, हवेच्या दाबावरून वेग सांगणारी. तिन्ही नळ्यांचे आकडे जुळेनात. ऑटोपायलटला वेग कळेना, म्हणून तो २ वाजून १० मिनिटं ५ सेकंदांनी सुटला. पाठोपाठ ऑटोथ्रस्टही, म्हणजे इंजिनाची शक्ती आपोआप राखणारं यंत्रही, सुटला.

इंजिनं दोन्ही चालू. पंख, शेपूट, इंधन, सगळं ठीक. नळ्यांमधला बर्फही एका मिनिटाच्या आत निघाला. काहीही न करता नाक आणि इंजिनाची शक्ती होती तिथे धरून ठेवली असती, तर विमान सरळ जात राहिलं असतं. पण उजवीकडच्या सहवैमानिकाने साइडस्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा हाताशी असलेला दांडा, मागे ओढली. विमान ३८ हजार फुटांपर्यंत चढलं, वेग संपला आणि स्टॉल झाला. तिथून पुढे बहुतेक सगळा वेळ स्टिक मागेच होती. ऑटोपायलट सुटल्यापासून ४ मिनिटं २३ सेकंदांनी विमान पाण्यावर आदळलं, तेव्हाही त्याचं नाक १६ अंश वर होतं.

मी अडकतो ते इथे. हा माणूस हजारो तास उडलेला होता. स्टॉलमध्ये नाक खाली घ्यायचं, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मग तो ओढत का राहिला? 'वैमानिकाची चूक' एवढं म्हटलं की हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

मधुरा_ठाणे

फार चांगला धागा. एक अगदी मूलभूत प्रश्न: स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं ना? गाडी स्टॉल झाली म्हणतो तसं? मग इंजिनं चालू होती असं कसं?

हडपसरकर

मधुराताई, हा गोंधळ बातम्या लिहिणाऱ्यांचाही होतो. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. मी ग्लायडर उडवायला शिकलो, त्याला इंजिनच नसतं, तरी तो व्यवस्थित स्टॉल होतो.

पंख हवेला ठरावीक कोनात कापतो तोवर हवा त्याच्या पाठीवरून चिकटून वाहते आणि पंखाला उचलते. नाक वर करत गेलात की हा कोन वाढतो. एका हद्दीपर्यंत उचल वाढत जाते. त्यापुढे हवा पाठीवरून सुटते, भोवरे होतात आणि पंख विमानाला पेलेनासा होतो. या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. प्रवासी विमानात ही हद्द साधारण पंधरा अंशांच्या आसपास, उंचावर त्याहूनही कमी. ४४७ चा कोन चाळीसच्या वर गेला होता.

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला पहिल्यांदा स्टॉल दाखवला तो दिवस मला लख्ख आठवतो. विंचने वर ओढलं, दोर सुटला, कानाशी वाऱ्याचा सूं सूं आवाज. मागच्या सीटवरून सर म्हणाले, "हळूहळू स्टिक पोटाकडे घे." घेतली. नाक वर आलं आणि वाऱ्याचा आवाज कमी होत होत जवळजवळ बंद झाला. ती शांतता मला आवडली, सगळं छान चाललंय असं वाटलं. मग स्टिक हातात सैल लागायला लागली, ताकात रवी फिरवावी तशी. बुडाखाली थरथर सुरू झाली आणि एकदम नाक खाली गेलं. समोर आकाशाऐवजी जमीन, हडपसरची घरं. माझ्या हाताने काय केलं असेल? स्टिक आणखी ओढली. सर ओरडले, "सोड! ओढू नकोस, सोड!"

नाक खाली घ्यायचं हे मला तोंडपाठ होतं, आदल्याच संध्याकाळी वहीत लिहिलं होतं. जमीन दिसली की हात वहीतलं ऐकत नाही. दहा-बारा वेळा करून घेतल्यावर कुठे हात आपणहून सुटायला लागला.

४४७ वर तर जमीनही दिसत नव्हती. काळोख, ढग, आणि प्रचंड वजनाचं विमान मिनिटाला दहा हजार फूट खाली येतंय, पण नाक वर.

रोखठोक

लेख आणि हडपसरकरांचा अनुभव दोन्ही आवडले, तरी मला ही सहानुभूती जरा जास्त वाटते. कॉकपिटमध्ये 'स्टॉल, स्टॉल' असं यंत्र मोठ्याने ओरडत होतं, एकदा तर सलग ५४ सेकंद. आणखी काय सांगायचं यंत्राने? २२८ जणांनी ज्याच्या भरवशावर डोळे मिटले त्याने ती सूचना ऐकायला नको? पॅरिसच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये एअरबस आणि एअर फ्रान्स दोघांनाही फौजदारी आरोपातून निर्दोष सोडलं. दोष आहे तिथे दोष म्हणावा.

आकाशवेडा

रोखठोक, तुमचा मुद्दा टाळत नाही. ती सूचना वाजली आणि दोघांपैकी एकानेही तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, असं अहवालच सांगतो. पण पुढचं वाचा. माझ्या दृष्टीने हे या अपघातातलं सगळ्यात भयंकर पान आहे.

नळ्यांनी मोजलेला वेग ६० नॉटच्या (ताशी सुमारे ११० किलोमीटरच्या) खाली गेला की संगणक अँगल ऑफ अटॅकचे आकडे अवैध धरायचा आणि स्टॉलची सूचना बंद व्हायची. हवेत असलेलं एअरबस इतक्या कमी वेगाने जाईल हे रचना करणाऱ्यांनी गृहीतच धरलं नव्हतं. ४४७ चा स्टॉल इतका खोल होता की नेमकं तेच झालं. सूचना गप्प झाली. मग वैमानिकाने स्टिक थोडी पुढे केली, म्हणजे बरोबर तेच केलं. कोन जरा कमी झाला, वेगाचा आकडा परत वैध झाला, आणि सूचना पुन्हा ओरडायला लागली! स्टिक ओढली की शांत, सोडली की बोंब. अंधारात घाबरलेल्या माणसाला यातून काय कळेल?

दुसरं, फ्लाइट डायरेक्टर. पडद्यावर दोन रेघा असतात, 'नाक इथे ठेवा' असं सांगणाऱ्या. वेगाचा घोळ झाला तेव्हा त्या गेल्या, पण मधूनमधून परत उगवत होत्या आणि नाक वर करा असं दाखवत होत्या. वैमानिक त्यांच्या मागे गेला असू शकतो, असं बीईएने नोंदवलंय.

तिसरं, एअरबसची साइडस्टिक. दोन वैमानिकांच्या दोन बाजूंना दोन, एकमेकींना न जोडलेल्या. एकाने ओढली तर दुसरीला ते कळत नाही. कॅप्टन दीड मिनिटाने धावत आत आले, मागे उभे राहिले. त्यांना पडद्यावरचे आकडे दिसत होते, उजव्या कोपऱ्यातला हात दिसत नव्हता. पाण्यावर आदळायला एक मिनिटही उरलं नव्हतं, तेव्हा तो सहवैमानिक म्हणाला की मी मघापासून पूर्ण मागे ओढून धरलीय. कॅप्टनना खरं काय चाललंय ते तेव्हा कळलं, आणि ते म्हणाले, नाही नाही, वर नको नेऊस.

न्यायालयाचं म्हणाल तर त्याच निकालात हलगर्जी झाल्याचं नोंदवलंय, अपघाताशी तिचा कारणसंबंध निश्चितपणे सिद्ध झाला नाही असं म्हटलंय. निकालावर पुढे अपीलही झालं.

शिफ्ट_इंजिनियर

मी विमानातला नाही. बावीस वर्षं केमिकल प्लांटमध्ये काढली, त्यातली बरीच रात्रपाळीत. पण आकाशवेडांचं वर्णन वाचताना घाम आला.

आमच्याकडे बॉयलरच्या ड्रमची पाण्याची पातळी कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसते आणि फीड वॉटरचा व्हॉल्व्ह आपोआप उघडझाप करतो. सगळं ऑटोवर. एका रात्री पडद्यावर पातळी अगदी स्थिर होती. ५२ टक्के, रेघ सरळ. मी नवीन होतो, मला बरं वाटलं. आमचे शिफ्ट इन्चार्ज चहा घेता घेता थांबले आणि म्हणाले, "ही रेघ इतकी सरळ कशी? जिवंत बॉयलरची रेघ हलते." टॉर्च घेऊन खाली गेले, गेज ग्लासचा, म्हणजे ड्रममधलं पाणी थेट दिसणाऱ्या काचेचा, ड्रेन उघडून फुंकला आणि काचेत बघितलं. पाणी जवळपास तळाला गेलेलं. पातळी मोजून पडद्यावर पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची नळी चोक झाली होती आणि ऑटो बिचारा त्या खोट्या ५२ वर इमानेइतबारे काम करत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर ट्यूबा जळाल्या असत्या.

त्यांना ते कळलं कारण त्यांनी आयुष्याची पहिली दहा वर्षं हाताने व्हॉल्व्ह फिरवून पाणी राखलं होतं. मी ऑटोवरच वाढलो. मला आकडा दिसत होता, बॉयलर दिसत नव्हता.

म्हणून विचारतो, विमानात गेज ग्लास आहे का? त्या कोनाचा सरळ काटा वैमानिकासमोर असतो का?

आकाशवेडा

नव्हता! विमान तो कोन मोजतं, संगणकाला देतं, पण ४४७ च्या वैमानिकांना तो थेट दिसत नव्हता. असा दर्शक बसवण्याचा विचार व्हावा, ही बीईएच्या शिफारशींपैकी एक आहे. तुमच्या इन्चार्जना माझा नमस्कार सांगा.

रोखठोक

बॉयलरचं उदाहरण पटलं. तरी माझा हेका पूर्ण सोडत नाही, कारण खोटे आकडे नसतानाही लोक ओढतात. त्याच वर्षीचं, १२ फेब्रुवारी २००९ चं, कोलगन एअर ३४०७ घ्या. न्यूअर्कहून बफेलोला जाणारं क्यू-४०० जातीचं पंख्याचं विमान. ऑटोपायलटने उंची धरलेली, इंजिनाची शक्ती कमी केलेली, चाकं खाली. वेग घसरत गेला आणि दोघांचंही लक्ष नव्हतं, त्याआधी बराच वेळ अवांतर गप्पा चालल्या होत्या. स्टिक शेकरने, म्हणजे स्टॉलचा इशारा देणाऱ्या यंत्राने, दांडा थडथडवला, तर कॅप्टनने तो ओढला. मग स्टिक पुशरने, म्हणजे यंत्राने स्वतः, दांडा पुढे ढकलला, तर कॅप्टनने त्याच्याविरुद्ध जोर लावून पुन्हा ओढला. ५० माणसं गेली, त्यातला एक जण आपल्या घरात होता. इथे पिटो ट्यूब व्यवस्थित होती. यंत्र बरोबर होतं, माणूस चुकला.

हडपसरकर

रोखठोक, तुमचं उदाहरण बिनतोड आहे आणि त्यातलाच एक धागा ओढतो. त्या काळात सिम्युलेटरमध्ये स्टॉलची तालीम कशी घेत? स्टॉलची नुसती चाहूल लागली की शक्ती वाढवा आणि उंची जाऊ देऊ नका. उंची किती कमी गमावली यावर परीक्षक बघायचा. म्हणजे नाक खाली घालणारा उमेदवार नापास व्हायचा! खरा, पूर्ण स्टॉल तर बहुतेकांनी सिम्युलेटरमध्येही बघितलेला नसायचा.

या अपघातांनंतर ते उलटलं. आता पहिलं काम कोन कमी करणं, उंची गेली तर जाऊ दे. अमेरिकेत २०१९ पासून पूर्ण स्टॉलची तालीम सिम्युलेटरमध्ये सक्तीची आहे. ४४७ च्या दोन्ही सहवैमानिकांना तर उंचावर विमान हाताने चालवण्याचं प्रशिक्षणच नव्हतं, हे अहवालात स्पष्ट आहे. ३५ हजार फुटांवर हवा इतकी विरळ की स्टिकला खाली चालतो तसा धसमुसळेपणा चालत नाही. तिथे रोज ऑटोपायलटच असतो. मग हाताला सवय लागणार कुठे?

एव्हिऑनिक्स_वाला

मी विमानांच्या देखभालीत आहे, त्यामुळे छोट्या वस्तूंकडे माझं लक्ष जास्त. २५ फेब्रुवारी २००९, कोलगननंतर तेराच दिवसांनी, टर्किश एअरलाइन्सचं १९५१ अ‍ॅमस्टरडॅमला उतरताना पडलं. बोइंग ७३७. डावा रेडिओ अल्टिमीटर जमिनीपासूनची उंची उणे ८ फूट दाखवत होता, विमान अजून दोन हजार फुटांच्या आसपास होतं. ऑटोथ्रॉटलला (बोइंगमधला ऑटोथ्रस्टच) वाटलं की आपण टेकलो, त्याने शक्ती काढून घेतली. ऑटोपायलट उजव्या, चांगल्या अल्टिमीटरवर चालत होता, तो इमानाने नाक वर करत उतरण्याच्या ठरलेल्या वाटेवर टिकून राहिला. एकच विमान, दोन यंत्रं, दोघांच्या दोन समजुती. वेग १४४ नॉटवरून ८३ वर आला. नऊ जण गेले, कॉकपिटमधले तिघेही त्यात.

आणि २८ डिसेंबर २०१४ चं एअरएशिया ८५०१, सुराबायाहून सिंगापूरला जाणारं. रडरची, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूची, हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्राच्या सर्किट बोर्डवर एका सोल्डरला तडा. आधीच्या बारा महिन्यांत हीच तक्रार २३ वेळा नोंदवलेली. दर वेळी काही ना काही करून विमान सोडलं. त्या दिवशी हवेत तोच इशारा चौथ्यांदा आल्यावर कॅप्टनने, बहुधा जमिनीवर तंत्रज्ञाला करताना पाहिलं होतं तसं, सर्किट ब्रेकर ओढला. ऑटोपायलट सुटला, विमान डावीकडे कलंडलं, सहवैमानिकाने ओढलं, स्टॉल. १६२ माणसं.

तुम्ही सगळे कॉकपिटबद्दल बोलताय. मला ती २३ नोंदींची वही डोळ्यांसमोर येते. प्रत्येक नोंदीखाली कुणाची तरी सही असणार. मी रोज अशा सह्या करतो.

मधुरा_ठाणे

एअरएशियाच्या त्याच अपघाताबद्दल वाचलेलं: कॅप्टन सहवैमानिकाला 'पुल डाऊन' असं पुन्हा पुन्हा सांगत होते. पुल म्हणजे ओढ, डाऊन म्हणजे खाली. स्टिक ओढली की विमान वर जातं! एक इंडोनेशियन, दुसरा फ्रेंच, आणि दोघं बोलतायत तिसऱ्याच भाषेत. भाषांतर हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय, त्यामुळे ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत.

पराग_सातारा

सगळी उदाहरणं बाहेरची आली, म्हणून आपल्याकडचं सांगतो. १४ फेब्रुवारी १९९०, इंडियन एअरलाइन्सचं ६०५, मुंबईहून बेंगळुरूला. एअरबस ए-३२० तेव्हा आपल्याकडे कोरी करकरीत होती. विमानातल्या १४६ जणांपैकी ९२ गेले. वडील तेव्हा मुंबईत नोकरीला होते, त्यांच्या ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

हे काही नाक वर करून पडलेलं विमान नाही, पण जातकुळी हीच. उतरताना विमान अशा मोडमध्ये गेलं की इंजिनं आयडलवर, म्हणजे कमीत कमी शक्तीवर, आणि वेग राखायचा तो नाकाने. नाक उचलून उंची धरायला गेलं की वेग जाणार, इंजिनं मदतीला येणार नाहीत. दोघांपैकी एकाने आपला फ्लाइट डायरेक्टर बंद केला. दुसऱ्याचा चालूच राहिला. दोन्ही बंद झाले असते तर ऑटोथ्रस्ट वेग सांभाळायच्या मोडमध्ये आला असता. एक चालू राहिला म्हणून इंजिनं आयडलवरच राहिली. शेवटी संरक्षण यंत्रणेने पूर्ण शक्ती मागितली, पण आयडलवरून इंजिनाला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद नव्हते. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात विमान टेकलं आणि पुढे बांधावर आदळलं.

आकाशवेडा

परागराव, ६०५ मी विसरलोच होतो. म्हणजे ४४७ मध्येही फ्लाइट डायरेक्टर, आणि एकोणीस वर्षं आधी आपल्याकडेही फ्लाइट डायरेक्टर. एकीकडे आपणहून परत उगवणारा, दुसरीकडे बंद करायचा राहिलेला.

फर्स्ट_ऑफिसरची_आई

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं होत होतं. माझी मुलगी ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे.

टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण, चालू होतं तेव्हा आमच्या हॉलच्या भिंतीवर, टीव्ही काढून, कॉकपिटचं मोठं पोस्टर लावलेलं होतं. समोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या. डावीकडे ती, उजवीकडे तिची बॅचमेट, आणि बॅचमेट नसेल तेव्हा मी. माझ्या हातात चेकलिस्ट द्यायची आणि म्हणायची, "आई, मी बटणाला हात लावला की तू मोठ्याने वाच, आणि मी चुकले तर पुढे जाऊ नकोस." मी कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचायचे. वेग भरवशाचा नसेल तर काय करायचं, हे त्यामुळे मलाही पाठ झालं. ऑटोपायलट ऑफ. ऑटोथ्रस्ट ऑफ. फ्लाइट डायरेक्टर ऑफ. दहा हजार फुटांच्या वर असलो तर नाक पाच अंश वर आणि थ्रस्ट क्लाइंबला, म्हणजे इंजिनाची शक्ती चढाईच्या खाचेत. बस. ते केल्यावर मग पुढचं पुस्तक उघडायचं.

तेव्हा मी तिला विचारलं होतं, "अगं, अडचणीच्या वेळी मदत करणारी सगळीच यंत्रं बंद का करायची?" ती घाईत होती, म्हणाली, "कारण त्यांनाही वेग माहीत नसतो, आई."

हा धागा तिला काल रात्री पाठवला. ती लेओव्हरवर, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या मुक्कामावर, होती. पहाटे तिचं उत्तर आलं ते तिच्या परवानगीने लिहिते. हवामान चांगलं असेल आणि कॅप्टन हो म्हणाले तर ती उतरताना ऑटोपायलट लवकर काढते, हाताला सवय राहावी म्हणून. हडपसरकरकाकांचं सगळं पटलं म्हणते. आणि परागदादांच्या प्रतिसादाबद्दल तिने लिहिलंय: "आम्हाला 'दोन्ही फ्लाइट डायरेक्टर ऑफ' असं म्हणायला शिकवतात. आपला बंद केला की मी मान वळवून समोरच्याच्या पडद्यावरच्या रेघा गेल्या का ते बघते. ते का बघायचं, हे आज कळलं."